‘त्या म्हाताऱ्याला चौक घावला का?’ : फिल्म सोसायटीच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य

विषय : ‘दुसरं आयुष्य’ या महोत्सवात मूळ युरोपीय चित्रपटांऐवजी त्यांचे इंग्रजी रिमेक दाखवण्याच्या निर्णयाबाबत

स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी रात्री सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महोत्सवाचं पत्रक आलं. वर मोठ्या अक्षरांत ‘युरोपीय चित्रपट महोत्सव’, खाली विषय ‘दुसरं आयुष्य’ आणि त्याखाली पाच नावं : ‘व्हॅनिला स्काय’, ‘सिटी ऑफ एंजल्स’, ‘सेंट ऑफ अ वुमन’, ‘कोडा’, ‘अ मॅन कॉल्ड ओटो’. पाचही चित्रपट अमेरिकी आणि पाचही युरोपीय चित्रपटांवरून केलेले. मूळ चित्रपटांची नावं पत्रकात कुठेच नाहीत, दिग्दर्शकांचीही नाहीत. शेवटी एक ओळ : सबटायटल वाचण्याचा त्रास नको म्हणून यंदा इंग्रजी आवृत्त्या, शक्य तिथे हिंदी डबिंगसह.

मी सचिवांना फोन केला. ते नेहमीसारखे आपुलकीने बोलले. म्हणाले, “बाई, गोष्ट तीच आहे ना, भाषा तेवढी बदलली.” ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. म्हणून हे पत्र. खुलं लिहिते आहे, कारण निर्णय कार्यकारिणीने घेतला असला तरी तो ज्यांच्या नावाने घेतला त्या सभासदांना कुणी विचारलेलं नाही.

मी १९९६ पासून सभासद आहे. तेव्हा एसटीच्या आगारात रोकड विभागात लिपिक होते. कंडक्टरांनी आणलेली चिल्लर मोजायची, वेबिलाशी ताळा जुळवायचा, हे काम. दिवसभर खिडकीबाहेर गाड्या गावोगाव सुटायच्या आणि मी त्याच खुर्चीत. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी संध्याकाळी नगरवाचनालयाच्या वरच्या सभागृहात आपला खेळ असायचा. पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या, मागे सोळा मिलिमीटरच्या प्रोजेक्टरची घरघर आणि दारात प्रत्येकाच्या हातात ठेवलं जाणारं मराठी पत्रक. सायक्लोस्टाइल केलेला, शाईचा वास येणारा एक कागद. त्यात चित्रपट कोणत्या देशाचा, कोणत्या साली काढला, पात्रांची नावं कशी उच्चारायची आणि शेवट न फोडता सांगितलेली गोष्ट. ते पत्रक त्या वेळचे सचिव, आपले जुने सर, लिहायचे. सर थकले तेव्हा ते काम माझ्याकडे आलं आणि पुढे जवळपास वीस वर्षं मी केलं. म्हणजे या निर्णयात माझं काय गुंतलंय असं कुणी विचारलं, तर हे.

१९९७ च्या पावसाळ्यात आपल्याकडे विम वेंडर्सचा १९८७ चा जर्मन चित्रपट आला होता. इंग्रजीत त्याला ‘विंग्ज ऑफ डिझायर’ म्हणतात. मूळ नावाचा अर्थ ‘बर्लिनवरचं आकाश’. जर्मनमध्ये आकाश आणि स्वर्ग या दोन्हींना एकच शब्द आहे, हे मला सरांच्या पत्रकातून कळलं. दोन देवदूत फाळणी झालेल्या बर्लिनभर फिरत माणसांच्या मनातलं ऐकत असतात. त्यांना जग कृष्णधवल दिसतं. त्यातल्या एकाला माणूस व्हावंसं वाटतं : वजन असावं, भूक लागावी, हातावर गरम कॉफीचा कप टेकावा. तो सर्कशीतल्या झोपाळ्यावरच्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि एक दिवस भिंतीलगत रक्ताळलेल्या डोक्याने जागा होतो, तेव्हा पडद्यावर रंग येतात. पहिल्यांदा तो काय करतो, तर रस्त्याने जाणाऱ्या माणसाला भिंतीवरच्या चित्रांतल्या रंगांची नावं विचारतो. दुसऱ्या आयुष्याचं स्वप्न याहून साध्या कृतीत दाखवलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्या चित्रपटात एक म्हातारा आहे. तो भिंतीशेजारच्या ओसाड, गवत माजलेल्या माळावर फिरत पोट्सडामर प्लाट्झ शोधत असतो. युद्धाआधी तो बर्लिनचा सर्वांत गजबजलेला चौक होता. तिथलं कॉफीचं दुकान, तंबाखूचं दुकान त्याला आठवतं. जागा तीच, पण चौक नाही. शेवटी तो तिथेच टाकून दिलेल्या एका मोडक्या खुर्चीत बसतो. ही भूमिका करणारा कुर्ट बोइस स्वतः बर्लिनचा ज्यू होता. नाझी आल्यावर देश सोडून गेला आणि १९५० मध्ये परत आला. त्याच्या चालण्यात जे दिसतं ते सगळं अभिनयाने आलेलं नाही.

खेळ संपला. लोक छत्र्या उघडत निघाले. मी खुर्च्या मिटायला मदत करत होते. सभागृहाचे पहारेकरी, ज्यांना आपण सगळे तात्या म्हणायचो, दाराजवळच्या स्टुलावर पत्रक हातात धरून बसले होते. इंग्रजी सबटायटल त्यांना वाचता येत नव्हती. त्यांनी सरांचं पत्रक वाचून चित्रपट पाहिला होता. मला म्हणाले, “बाई, त्या म्हाताऱ्याला चौक घावला का हो?”

मी म्हटलं, नाही.

“कसा घावंल. मधनं भिंत घातलीया.” मग थोड्या वेळाने, “आमच्याकडंबी तसंच. उन्हाळ्यात पानी उतरलं की देवळाचं शिखार वर येतंय. तिथनं पावलं मोजत जायचं. हितं पार, हितं तालीम, हितं घर.”

तात्यांचं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलेलं, हे मला त्या रात्री कळलं. प्रत्येक खेळानंतर त्यांच्या हाती किल्ली देऊन मी घरी जात होते आणि मला ते ठाऊक नव्हतं.

आता ‘सिटी ऑफ एंजल्स’ पाहा. १९९८ चा रिमेक. बर्लिनच्या जागी लॉस एंजेलिस, सर्कशीतल्या मुलीच्या जागी हृदयाचं ऑपरेशन करणारी डॉक्टर. देवदूत पहाटे समुद्रकिनाऱ्यावर उभे राहतात, ते दृश्य देखणं आहे हे मी मान्य करते. प्रेमकथा म्हणून तो कुणाला आवडला तर त्यात गैर काहीच नाही. पण त्यात भिंत नाही. तो म्हातारा नाही. चौक नाही. कसा असणार? लॉस एंजेलिसवर ते संकट आलंच नव्हतं. मग ‘गोष्ट तीच’ असं आपण कोणत्या हिशोबाने म्हणतो? तात्यांना जी गोष्ट दिसली, ती या आवृत्तीतून अख्खीच्या अख्खी गळाली आहे. देवदूत माणूस होतो एवढंच उरलं आहे.

माझी पहिली तक्रार ही, आणि बाकीच्या तिच्यातूनच येतात. दुसऱ्या आयुष्याचं स्वप्न बघणारं पात्र कुठलं तरी पहिलं आयुष्य जगत असतं. ते विशिष्ट गावात, विशिष्ट भाषेत, विशिष्ट इतिहासाच्या ओझ्याखाली चाललेलं असतं. ते काढून घेतलं की स्वप्नालाही टेकायला जमीन राहत नाही.

आपल्याला हे समजावून सांगावं लागू नये. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला आणि २०१८ मध्ये त्याचा हिंदी ‘धडक’. करमाळ्याकडची माती उचलून उदयपूरच्या तलावाकाठी ठेवली, जातीचा काटा बोथट केला. हैदराबादेत भाषा न कळणाऱ्या आर्चीची जी कोंडी होती, ती तशी राहिली नाही. त्या वेळी आपल्या चर्चेत सगळ्यात जास्त कोण चिडलं होतं, तर आज कार्यकारिणीवर असलेलीच मंडळी. आपल्या मातीतलं काढून घेतलं तर आपल्याला लागतं. मग बर्लिनचं, माद्रिदचं काढून घेतलेलं आपण सभासदांपुढे ‘युरोपीय’ म्हणून कसं ठेवतो?

दुसरी तक्रार भाषेची. अलेहान्द्रो आमेनाबारचा १९९७ चा स्पॅनिश चित्रपट ‘आब्रे लोस ओहोस’. अर्थ ‘डोळे उघड’. देखणा, पैसेवाला तरुण, मोटारीच्या अपघातात चेहरा विद्रूप होतो आणि त्यानंतर तो जे जगतो ते आयुष्य आहे की विकत घेतलेलं स्वप्न, हे त्यालाही कळत नाही. चारच वर्षांनी, २००१ मध्ये, हॉलिवूडने त्याचा ‘व्हॅनिला स्काय’ केला. पेनेलोपे क्रूझने दोन्हींत तीच भूमिका केली, पात्राचं नावही सोफियाच. एकच नटी तेच पात्र एकदा स्वतःच्या भाषेत आणि एकदा शिकलेल्या भाषेत जगते. हे दोन्ही चित्रपट लागोपाठ दाखवले असते तर महोत्सवाच्या विषयाला याहून चांगलं काय होतं? तुम्ही त्यातला एकच घेतला, आणि तो नेमका नंतरचा.

मूळ चित्रपटाच्या सुरुवातीला नायक माद्रिदच्या ग्रान व्हिया या हमरस्त्यावर येतो आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतं. रिमेकमध्ये तेच टाइम्स स्क्वेअरमध्ये घडतं. त्यासाठी खरोखर तो चौक बंद करून चित्रण केलं होतं, मेहनत मोठी आहे. पण टाइम्स स्क्वेअर मी न जाता हजार वेळा पाहिलाय. तो रिकामा दिसला की ‘हे कसं केलं असेल’ असं मनात येतं. ग्रान व्हिया मी हा चित्रपट पाहताना जन्मात पहिल्यांदा पाहिला आणि पाहिला तो रिकामाच. मला वाटलं, हे शहर माझ्यासाठीच रिकामं ठेवलंय. आगारातल्या खुर्चीत बसलेल्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला असं वाटणं ही लहान गोष्ट नसते.

आणि ते नाव. ‘डोळे उघड’ मध्ये तू आहे. स्पॅनिशमध्ये तू आणि तुम्ही वेगळे, जर्मनमध्येही, फ्रेंचमध्येही, आपल्यासारखेच. इंग्रजीत तो फरक नाही. गेली काही वर्षं मी मराठी सबटायटल तयार करायला शिकते आहे. एका वेळी फार तर दोन ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरं, आणि वाचून होईल एवढा वेळ ती पडद्यावर टिकायला हवी. यात सगळ्यात अवघड जागा तू-तुम्हीची. इंग्रजी मजकुरावरून ती कळतच नाही. तिथे कान देऊन नटाचं बोलणं ऐकावं लागतं : तो कधी ‘तुम्ही’ सोडून ‘तू’ वर आला? कधीकधी अख्खं नातं त्या एका क्षणात वळलेलं असतं. मूळ युरोपीय भाषेतून इंग्रजी रिमेकमध्ये येताना तो क्षण पुसला जातो, आणि त्या रिमेकचं हिंदी डबिंग करताना कुणीतरी तो अंदाजाने पुन्हा बसवतं. मराठी माणसाला स्पॅनिशमधलं जे थेट पोचलं असतं, ते आपण इंग्रजीच्या आडवळणाने घालवून परत उसनं आणतो आहोत.

तिसरी तक्रार तुम्ही दिलेल्या कारणाची. ‘तरुण सभासद सबटायटल वाचत नाहीत.’ माझी भाची अकरावीत आहे. ती रात्र रात्र जागून कोरियन मालिका सबटायटल वाचत बघते, चार शब्द कोरियनही बोलते. मोबाइलवरच्या निम्म्या रील ही मुलं आवाज बंद करून, खालची अक्षरं वाचत बघतात. त्यांना वाचण्याचा त्रास होतो हे कुणी ठरवलं? त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही निवडलेल्या ‘कोडा’ मध्ये आई, वडील आणि भाऊ बहिरे आहेत. घरातलं बहुतेक बोलणं अमेरिकी खुणांच्या भाषेत होतं आणि ते सबटायटल वाचूनच कळतं. वाचण्याचा त्रास नको म्हणून निवडलेला चित्रपट वाचूनच पाहावा लागणार आहे. निवड करण्याआधी तो कुणी पाहिला होता का, एवढंच मला विचारायचं आहे.

‘कोडा’ चा विषय निघालाच आहे तर मनापासून सांगते, मी रिमेकच्या विरोधात नाही. त्याचा मूळ फ्रेंच चित्रपट २०१४ चा, ‘ला फामीय बेलिए’. खेड्यात गाई पाळून चीज विकणारं बहिरं कुटुंब आणि त्यातली एकटी ऐकू येणारी मुलगी, जिला गाण्यासाठी पॅरिसला जायचंय. त्यात बहिऱ्या आई-वडिलांच्या भूमिका ऐकू येणाऱ्या नटांनी केल्या आणि त्यावर बहिऱ्या प्रेक्षकांनी टीका केली, ती रास्त होती. २०२१ च्या रिमेकमध्ये दिग्दर्शिका शान हेडरने बहिरे कलाकारच घेतले. गाईंच्या जागी मासेमारी आणली, पण मॅसेच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर या खऱ्या बंदरातली : पहाटेची बोट, लिलावातला पडलेला भाव, बोटीवर येणारा निरीक्षक. पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर त्याला मिळाला, वडिलांची भूमिका करणाऱ्या ट्रॉय कॉट्सरलाही मिळाला. या रिमेकने उसनी गोष्ट घेतली आणि तिला स्वतःची जमीन दिली. मी तो दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा रडले. पण त्याने काय कमावलं आणि काय गमावलं, हे मूळ चित्रपट शेजारी ठेवल्याशिवाय सभासदांना कळणार कसं?

बाकी दोन चित्रपटांबद्दल फार लिहीत नाही. ‘सेंट ऑफ अ वुमन’ मागे दीनो रीझीचा १९७४ चा इटालियन चित्रपट आहे. त्यात आंधळा कॅप्टन आगगाडीने तोरिनोहून जेनोआ, रोम करत नेपल्सला जातो आणि ती भूमिका करणाऱ्या व्हित्तोरिओ गासमानला फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं होतं. रिमेक थेट न्यूयॉर्कला जातो. ‘अ मॅन कॉल्ड ओटो’ मध्ये मूळ स्वीडिश चित्रपटातल्या ऊवेचा अमेरिकेत ओटो झाला. ऊवेची सगळी निष्ठा साब गाडीवर, शेजाऱ्याची व्होल्व्होवर. दोन्ही गाड्या स्वीडनच्याच, भांडण घरातलं; शेजारी जर्मन बीएमडब्ल्यू घेतो तेव्हा मात्र वर्षानुवर्षांची मैत्री तुटते. ऊवेच्या दारात येऊन त्याला पुन्हा माणसांत आणणारी शेजारीण मूळची इराणची, नव्या देशात नवं आयुष्य मांडू बघणारी. हा विषय आपल्या महोत्सवाचाच नव्हता का?

खजिनदारांची अडचण मला कळते. मूळ चित्रपटांचे सार्वजनिक प्रदर्शनाचे हक्क मिळवायला पत्रव्यवहार करावा लागतो, पैसे लागतात, कधी उत्तरच येत नाही. एके काळी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून, मॅक्स म्युलर भवनाकडून, वकिलातींकडून प्रिंट यायच्या आणि आपलं भागायचं. आता ते दिवस नाहीत. पण पत्रकात ही अडचण लिहिलेली नाही. पत्रकात लिहिलंय की तुम्हाला वाचण्याचा त्रास नको. पैशाची अडचण सांगितली असती तर मी वर्गणीची पावती फाडायला पहिली आले असते. आमची कुवत कमी आहे असं परस्पर ठरवून टाकलंत, ते लागलं.

मी बर्लिन पाहिलं नाही, माद्रिद नाही, पुढेही बघेन असं वाटत नाही. पुण्याच्या चित्रपट रसास्वादाच्या महिनाभराच्या वर्गाला जायचं होतं, तेही आगारातून रजा मिळेपर्यंत चाळिशी उलटली. पण गेले. लॉ कॉलेज रस्त्यावर उन्हात चालत गेले आणि पहिल्या दिवशी आपल्याच पत्रकांची फाइल बरोबर नेली होती. ती स्वप्नं मला त्या पत्र्याच्या खुर्चीत, न कळणारी भाषा कानावर पडत असताना लागली. सोसायटीत आज येणाऱ्या पोरापोरींना तेवढीच संधी मिळावी, यापलीकडे माझा हट्ट नाही.

माझ्या मागण्या अशा :

पाच चित्रपटांच्या जागी तीनच दाखवा, पण मूळ दाखवा. निदान वेंडर्सचा आणि आमेनाबारचा चित्रपट मूळ भाषेत हवाच. रिमेक दाखवायचा असेल तर मूळ चित्रपटानंतर, त्याच्या जोडीने दाखवा. ‘कोडा’ आणि फ्रेंच ‘बेलिए’ अशी जोडी लावली तर चर्चा मी घ्यायला तयार आहे.

नुसते रिमेकच दाखवायचे ठरलं तर ‘युरोपीय चित्रपट महोत्सव’ हे नाव काढा. आणि कोणत्याही रिमेकच्या पत्रकात मूळ चित्रपटाचं नाव, दिग्दर्शक, देश आणि साल छापलं जावं.

हिंदी डबिंग नको. ज्यांना इंग्रजी सबटायटल जड जातात त्यांच्यासाठी मराठी पत्रक पुन्हा सुरू करा. हक्कदारांनी परवानगी दिली तर मराठी सबटायटलही करू. महाविद्यालयातल्या तीन मुली माझ्याबरोबर बसायला तयार आहेत, कुणी मानधन मागितलेलं नाही.

मूळ चित्रपटांच्या हक्कांसाठी कुणाला पत्रं लिहिली, काय उत्तर आलं, किती खर्च सांगितला, हे सभासदांपुढे ठेवा. लिहिलीच नसतील तर तसं सांगा, मी लिहिते.

आणि हा निर्णय पक्का करण्याआधी सर्वसाधारण सभा बोलवा.

‘बर्लिनवरचं आकाश’ चं पत्रक मी नव्याने लिहून ठेवलंय, एका कागदाच्या दोन्ही बाजू भरतील एवढं. सरांच्या जुन्या पत्रकातला उच्चारांचा भाग तसाच ठेवलाय. पोट्सडामर प्लाट्झबद्दल चार ओळी वाढवल्या आहेत. सभेची तारीख कळवा, येताना प्रती काढून आणते.

आपली,
एक आजीव सभासद